घेऊ का डीएसएलआर?

दर वर्षी दिवाळीचा बोनस जमा झाला की ऑफिसातलं कुणीतरी मला कॉफी मशीनपाशी गाठतं. "तुझ्याकडे डीएसएलआर आहे ना? घेऊ का मी?" मी "नको" म्हणते. खरं तर विषय तिथेच संपायला हवा. पण पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग तू का घेतलास?" त्याचं उत्तर एका कपात मावत नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी माझी लायकी सांगते. मी फोटोग्राफर नाही. इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरी करते. लोकांनी मोबाइलवर काढलेले कागदपत्रांचे फोटो यंत्राला वाचता येतील असे करणं हे माझं रोजचं काम. कुणी आधार कार्ड फुलाफुलांच्या चादरीवर ठेवून फोटो काढलेला असतो, कुणी स्वतःच्याच हाताच्या सावलीत. आमचं सॉफ्टवेअर तो सरळ करतं, उजळवतं, त्यावरचे बारीक ठिपके पुसून टाकतं. ठिपके पुसणारा तो कोडचा तुकडा माझा आहे. हे सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मी कॉलेजात गेले २०१५ साली. तेव्हा प्रत्येक वर्गात एक तरी मुलगा असा असायचा, ज्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावर कंपनीचं नाव खुद्द कॅमेऱ्यापेक्षा ठळक दिसायचं. फेसबुकवर त्याच्या नावापुढे 'फोटोग्राफी' लावलेलं पान असायचं, आणि प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात सहीसारखा वॉटरमार्क. फोटोत काय? थेंब साचलेलं पान, सिंहगडावरचं धुकं, कटिंग चहा, पाठमोरी मैत्रीण. मागचं सगळं धूसर. मागचं धूसर झालं की तो डीएसएलआर, अशी आमची व्याख्या होती, आणि ती अगदीच चूक नव्हती. वडिलांनी हप्त्यांवर घेऊन दिलेला तो कॅमेरा शेवटच्या वर्षापर्यंत कपाटात गेलेला असायचा. मला त्या मुलांची थट्टा करायला आवडायचं. त्यात थोडा मत्सर होता, हेही कबूल करून टाकते.

माझा कॅमेरा निकॉनचा डी३५००. २०१८ सालचं मॉडेल, कंपनीच्या डीएसएलआरांमधलं सगळ्यात खालच्या पायरीवरचं. २०२३ च्या उन्हाळ्यात मी तो कोथरूडच्या एका गृहस्थांकडून वापरलेला घेतला, किट लेन्ससकट २४ हजारांना. मुलीच्या जन्माआधी त्यांनी हौसेने घेतला होता. निकॉनच्या फोटोफाइलमध्ये शटर आजवर किती वेळा उघडलंय याचा आकडा नोंदलेला असतो. वापरलेला कॅमेरा घ्यायचा तर तो आधी बघावा. यांचा आकडा होता ३,१००. मुलगी साडेचार वर्षांची. "पहिल्या वाढदिवसापर्यंत काढले," ते म्हणाले, "नंतर काय, फोन हातातच असतो." त्यांनी चार्जर, बॅग, सिलिका जेलची पुडी सगळं नीट गुंडाळून दिलं. ती पुडी बघून मला जरा कसंतरीच झालं. चार पावसाळे बुरशी लागू न देता जपलेलं भिंग, आणि त्यातून बघायला घरात कुणी नाही.

आता खरेदीच्या सल्ल्यांमध्ये जी कारणं देतात, ती बघू. पहिलं मेगापिक्सेल. माझ्या कॅमेऱ्यात २४ आहेत, फोनच्या जाहिरातीत २०० असतात. २००३ साली कॅननने हजार डॉलर्सच्या आत पहिला डीएसएलआर आणला, तो ईओएस ३००डी ६.३ मेगापिक्सेलचा होता, आणि त्यावर काढलेले फोटो लोकांनी भिंतीवर लावले. तुम्ही हा लेख ज्या स्क्रीनवर वाचताय तिला तेवढेही लागत नाहीत. मेगापिक्सेलचा विषय इथेच मिटवू.

दुसरं कारण मोठा सेन्सर, आणि यात तथ्य आहे. डी३५०० चा सेन्सर २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर, म्हणजे साधारण ३६६ चौरस मिलिमीटर. महागड्या फोनचा मुख्य सेन्सर ७० च्या आसपास. पाचपट फरक. पण पागोळीखाली पातेलं मोठं ठेवलं म्हणून पाणी जास्त येत नाही, वरची पन्हळ केवढी आहे त्यावर ते ठरतं. कॅमेऱ्यात पन्हळ म्हणजे लेन्सचं तोंड. त्याचा व्यास काढायचं गणित सोपं आहे, फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागायचं. अशा फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात हा व्यास साधारण पावणेचार मिलिमीटर येतो. आणि डीएसएलआरच्या खोक्यात जी १८-५५ ची किट लेन्स मिळते, तिचा १८ मिलिमीटरला, एफ/३.५ वर, ५.१ मिलिमीटर. क्षेत्रफळात बघितलं तर जेमतेम दुप्पट. एवढा मोठा काळा डबा गळ्यात अडकवून, हप्ते भरून, फोनच्या फक्त दुप्पट प्रकाश!

हा हिशेब दुकानात कुणी मांडत नाही. आणि ती जेमतेम दुपटीची आघाडी फोन सॉफ्टवेअरने केव्हाच भरून काढतो. गुगलच्या संशोधकांनी २०१६ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातली कल्पना अशी की एक मोठा फोटो काढण्याऐवजी लागोपाठ बरेच छोटे, अंधारलेले फोटो काढायचे आणि ते एकमेकांवर अचूक बसवून त्यांची सरासरी घ्यायची. २०१८ साली पिक्सेल फोनांमध्ये नाइट साइट आलं, ते याच मुळावर उभं आहे. पंधरा फ्रेम जोडल्या तर फोटोतली खरखर सुमारे एकचतुर्थांश होते, पंधराचं वर्गमूळ जवळपास चार म्हणून. हात हलला तरी चालतो, उलट थोडा हललेला बरा. तो निबंध मी नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचला आणि दोन दिवस त्याच धुंदीत होते. इतकं देखणं काम आपल्या हातून व्हावं, असं वाटायला लावणारं.

तेव्हा किट लेन्सवरच थांबणार असाल, तर माझं "नको" पक्कं समजा. कॉलेजातले ते कॅमेरे कपाटात का गेले याचंही अर्धं उत्तर मला इथेच सापडतं. त्या मुलांनी शरीर विकत घेतलं आणि डोळा घ्यायचा राहून गेला.

मी दोन महिन्यांनी ३५ मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घेतली, तीही वापरलेली, ९ हजारांना. झूम होत नाही. जवळचं हवं तर पुढे जा, लांबचं हवं तर मागे हो. (घेताना एक गोष्ट बघा. डी३५०० च्या शरीरात फोकसची मोटर नसते. जुन्या 'डी' प्रकारच्या लेन्सा त्यावर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेली घ्या.) हिच्या तोंडाचा व्यास १९.४ मिलिमीटर. त्याच अंतरावरून, तेवढ्याच वेळात, त्याच माणसाच्या चेहऱ्यावरून फोनला मिळतो त्याच्या पंचवीसपटीहून जास्त प्रकाश. इथे मात्र पारडं खरोखर फिरतं.

तरीही कुणी म्हणेल, मग मिररलेस घे की. बरोबर आहे. आरसा काढून टाकलेले ते कॅमेरे मोजता येईल अशा जवळजवळ प्रत्येक बाबतीत पुढे आहेत. डोळा ओळखून त्यावर फोकस धरतात, आवाज करत नाहीत. धंदाही तिकडेच गेलाय. ईओएस-१डी एक्स मार्क ३ हाच आपला शेवटचा फ्लॅगशिप डीएसएलआर, असं कॅननच्या प्रमुखांनी २०२१ च्या अखेरीस सांगून टाकलं. निकॉनने २०२० च्या डी६ नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. पेंटॅक्स तेवढी आरशाला धरून आहे. डीएसएलआर घेणं म्हणजे मावळत्या गोष्टीत पैसे घालणं, आणि म्हणूनच ती गोष्ट आता माझ्यासारखीला परवडते. पण मी आरशासाठीच घेतला असं म्हटलं, तर त्यात स्वस्ताईचं समर्थन फक्त निम्मं आहे.

आरसा काय करतो ते सांगते. लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर आपटतो, वर जातो, तिथे उलटसुलट होऊन तुमच्या डोळ्याशी येतो. मध्ये वीज नाही, स्क्रीन नाही, माझ्यासारख्या कुणाचं कोड नाही. कॅमेरा बंद असला तरी दिसतं. डी३५०० चा व्ह्यूफाइंडर तसा गरीबच, बोगद्यातून बघितल्यासारखा, आणि तोही फ्रेमचा ९५ टक्के भागच दाखवतो. पण त्यात जे दिसतं ते समोरचं दृश्य असतं. फोटो त्यात दिसत नाही. हा फरक मला बरेच आठवडे कळला नव्हता. फोनवर आपण बटण दाबायच्या आधीच तयार फोटो बघत असतो. उजळलेला, सावल्या उचललेला, आकाश निळं केलेलं. आपण फक्त 'हो, हा चालेल' म्हणून अंगठा टेकवतो. मिररलेसचा व्ह्यूफाइंडर म्हणजेही डोळ्याजवळ आणलेला स्क्रीनच. आरशातून बघताना मात्र फोटो कुठेच नसतो. समोर अंधार असेल तर अंधारच दिसतो. त्या अंधारातलं किती ठेवायचं, किती उजळवायचं, ते आपल्याला मनात ठरवावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते चुकतं.

आणि दुसरी गोष्ट. बटण दाबलं की आरसा वर उठतो, सेन्सरला वाट देतो. तेवढा वेळ व्ह्यूफाइंडर काळा होतो. पापणी लवते तेवढाच वेळ, पण फोटो नेमका त्याच वेळात निघतो. म्हणजे डीएसएलआरवर तुम्ही जो फोटो काढता, तो क्षण तुम्ही पाहिलेलाच नसतो. त्याच्या अलीकडचा पाहिलेला असतो, पलीकडचा पाहता, आणि मधला कॅमेऱ्याकडे असतो. फोनचं याच्या उलट. तो कॅमेरा ॲप उघडल्यापासून फ्रेमा साठवत बसलेला असतो, आणि तुम्ही बटण दाबलंत की त्याच्या किंचित आधीच्या फ्रेमा वापरतो, म्हणजे तुमचा उशीर भरून निघतो. २०२३ च्या पिक्सेल ८ ला तर वेगवेगळ्या फोटोंमधून प्रत्येकाचा हसरा चेहरा उचलून एकाच ग्रुप फोटोत बसवता येऊ लागला. सगळे हसताहेत असा तो क्षण घडलेलाच नसतो. त्याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. घरच्या ग्रुप फोटोत डोळे मिटलेले काका कुणालाच नको असतात.

आतापर्यंतचं सगळं डोक्याने ठरवलेलं. पुढचं घडलं डिसेंबर २०२३ मध्ये, कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी, आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला.

हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचा हा सोहळा. इंजिनिअर असल्यामुळे मी गणित करून बघितलंच. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी २९.५३ दिवस, म्हणजे हजारांना ८० वर्षं आणि साधारण १० महिने. आजीची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी अंदाजाने घातलेली, तेव्हा माझ्या दशांश चिन्हाला तिथे काही किंमत नव्हती. संध्याकाळी औक्षण. आत्यांनी ८१ कणकेचे दिवे केले होते, दोन पराती भरून. ते लागले आणि काकांनी सोप्यातली ट्यूबलाइट मालवली.

मी आजीपासून पाच फुटांवर गुडघे टेकून बसले होते. एफ/१.८, सेकंदाचा ऐंशीवा भाग, आयएसओ ३२००. या लेन्सवर इतक्या जवळून जेमतेम पाच इंच खोलीचा भाग स्पष्ट येतो. नाक धरलं तर कान सुटतो. कॅमेऱ्याला फोकसचे अकराच बिंदू, आणि अंधारात भरवशाचा त्यातला एक, मधला. पराती फिरत होत्या, ज्योती हलत होत्या, आरसा खाडखाड वाजत होता. आत्या एकदा माझ्याकडे बघून डोळे वटारून गेली. शेजारी चुलतभाऊ, आमचा दादा, फोन वर धरून उभा. त्याने तीन फोटो काढले आणि औक्षण संपायच्या आत फॅमिली ग्रुपवर टाकलेसुद्धा. मी ४३ काढले. त्यातले ४१ गेले. कुठे परातीची कड स्पष्ट आणि आजी धूसर, कुठे मधे आत्याचं कोपर.

दादाचा फोटो सगळ्यांना आवडला, मलाही. पूर्ण सोपा दिसतोय, मागचं कॅलेंडर, खुंटीवरची टोपी, दारात दाटलेली पोरं. ट्यूब मालवली होती हे त्या फोटोवरून कुणालाही कळणार नाही. आजीचा चेहरा उजळ, गुळगुळीत, साठीतल्या बाईचा. "काय छान आल्या आई!" काकू म्हणाली. माझे उरलेले दोन मी रात्री कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दाखवले. एकात आजी खाली दिव्यांकडे बघतेय, उजेड खालून, गालांच्या वर काळोख, मागे काहीच नाही. आत्या म्हणाली, "अगं बाई, किती म्हातारी दिसतेय आई यात." आणि परत दादाचा फोटो झूम करायला लागली.

सकाळी आजी चुलीपाशी होती तेव्हा मी तिला तोच फोटो मोठा करून दाखवला. तिने स्क्रीन लांब धरली, जवळ आणली, आणि मग स्वतःच्या हनुवटीला हात लावला. "आगं, हे अजून दिसतंय व्हय?"

तिच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते. गोंदण. इतकं फिकं झालेलं, की मी लहानपणापासून बघूनही ते बघायचं थांबले होते. "सात वर्षांची होते. गोंदणारीण दारावर यायची. लई रडले मी, तर आई म्हणाली, गप, सोनंनाणं हितंच राहतं, मेल्यावर एवढंच संगं येतं." मग तिने कॅमेरा मला दिला आणि भाकरी उलटली.

मी दादाचा फोटो उघडला. हनुवटी मोठी केली. स्वच्छ. तीनही ठिपके गायब.

का गेले, ते मला लगेच कळलं, आणि माझी चीड तिथेच अडकली. प्रकाश कमी, म्हणून फोनने फ्रेमा जोडल्या. आजीची मान हलत होती, ज्योतींचा उजेड हलत होता, म्हणून चेहऱ्यावर त्या फ्रेमा जुळल्या नसणार. जिथे जुळत नाहीत तिथे सरासरी घेता येत नाही, तेव्हा खरखर घालवायला तो भाग चोपडा करतात. त्यात चेहरा म्हटल्यावर आणखी थोडा जास्त. आणि तीन फिके, बारीक, आजूबाजूच्या कातडीशी न जुळणारे ठिपके म्हणजे खरखरीची व्याख्याच. आधार कार्डावरचे ठिपके मी असेच ओळखते. माझ्या कोडपुढे आजीची हनुवटी आली असती, तर तेही हेच करून मोकळं झालं असतं, आणि चाचणीत पासही झालं असतं.

इथे डीएसएलआरच्या बाजूने आरती ओवाळायचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. दिवे घाटात पालखी चढताना जाऊन बघा. एका सुरकुतलेल्या वारकरी आजीभोवती पंधरा कॅमेरे असतात. सगळ्यांना तोच फोटो हवा असतो, कृष्णधवल, सुरकुती न् सुरकुती करवतीने कापल्यासारखी. ती धार त्या चेहऱ्यावर नसते. घरी येऊन सॉफ्टवेअरमधला 'क्लॅरिटी'चा स्लायडर ओढून आणलेली असते. फोन म्हातारपण पुसतो, हे लोक ते कोरतात. मीसुद्धा पुण्याला परत आल्यावर आजीच्या फोटोवर तो स्लायडर ओढून पाहिलाय. दहा मिनिटं तो फोटो मला थोर वाटला. मग आजी ओळखू येईना, म्हणून परत शून्यावर आणला.

शिवाय डीएसएलआरचा फोटो म्हणजे जसंच्या तसं सत्य, हाही भाबडेपणा. त्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा यांतला एकच रंग मोजतो. बाकीचे दोन शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरले जातात. म्हणजे तुमच्या रंगीत फोटोतले दोन तृतीयांश आकडे कुणी मोजलेलेच नसतात. रॉ फाइल उघडली की हा अंदाज माझ्या लॅपटॉपवर होतो, एवढंच.

पण अंदाजाअंदाजांत फरक असतो, आणि माझा सगळा मुद्दा त्या फरकावर उभा आहे. मार्च २०२३ मध्ये रेडिटवर एकाने प्रयोग मांडला होता. चंद्राचा फोटो १७० गुणिले १७० पिक्सेलांपर्यंत बारीक केला, वर धूसर केला, संगणकाच्या स्क्रीनवर लावला, खोलीत अंधार केला, आणि लांबून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोटोत चंद्रावरचे बारकावे आले. समोर स्क्रीनवर ते नव्हतेच. कंपनीने नंतर समजावून सांगितलं की चंद्र ओळखला की त्याचे तपशील उठावदार करणारी यंत्रणा फोनमध्ये आहे. शेजारच्या ठिपक्याकडे बघून केलेला अंदाज त्या रात्रीचा, त्या चंद्राचाच असतो. इथे बाकीच्या रात्रींच्या चंद्रांवरून शिकलेलं ज्ञान या चंद्रावर चढवलं जातं. चंद्राचं एक वेळ चालेल, त्याची एकच बाजू आपल्याला दिसते आणि ती काही बदलत नाही. हजार पौर्णिमांचा चंद्र तोच. माणसाच्या चेहऱ्याचं तसं नाही. बाकीच्या चेहऱ्यांवर जे नसतं, तेच नेमकं ओळखीचं असतं.

डीएसएलआर हे ठरवत नाही. ठरवण्याइतकी अक्कल त्याला नाही, आणि त्याच्या किमतीतली मला पटलेली बाब ती. एकदा उघडलेलं शटर, एका क्षणाचा उजेड, त्यातली खरखर, त्यातली चूक, सगळं एकत्र तुमच्या हवाली. पुढे त्यावर जे होईल ते कुणी केलं, हे सांगता येतं. स्लायडर मी ओढला होता, आणि मीच परत आणला. दादाच्या फोटोतले तीन ठिपके कुणी काढले असं विचारलं तर कुणाचं नाव सांगणार? त्याने नुसतं बटण दाबलं होतं. त्याच्या फोनमध्ये 'आजीची हनुवटी साफ करू का' असा प्रश्न कुठेच आला नव्हता.

हे सगळं खरं, आणि तरी याची किंमत काय असते ते पुढच्या वर्षी श्रावणात कळलं.

रात्री दोनला बाबांचा फोन आला. मी होते तशी निघाले. हार्ड डिस्क फ्लॅटवरच्या ड्रॉवरमध्ये राहिली. गावी पोचले तेव्हा आजीला सोप्यात खाली घेतलं होतं, आणि बाहेर काका कुणालातरी फोटो लावायला सांगत होते. दुपारपर्यंत कऱ्हाडहून फ्रेम करून आलीही. दादाचा फोटो, फॅमिली ग्रुपवरून घेतलेला, मागचा सोपा कापून निळी पार्श्वभूमी लावलेला. माझा फोटो मी कुणाला कधी पाठवलाच नव्हता. 'नीट एडिट करून पाठवते' म्हणत आठ महिने गेले होते. तो चांगला असेल, खरा असेल, पण ज्या दुपारी लागला तेव्हा तो नव्हता. दादाचा होता. डीएसएलआर घेऊ का विचारणाऱ्यांना मी हेही सांगते. कार्डावरून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून डिस्कवर, आणि डिस्कवरून कुठेच नाही, अशी यातल्या बहुतेक फोटोंची यात्रा असते. ती पुढे न्यायचा कंटाळा असेल तर फोन बरा.

त्या फ्रेमला हार घातलाय. ती बदला असं मी कुणाला म्हटलेलं नाही. आत्या येते तेव्हा त्याच फोटोपुढे उभी राहते आणि तिला त्यात तिची आई दिसते.

पुण्याला आल्यावर महिन्याभराने मी माझा फोटो छापायला नेला. सदाशिव पेठेत एक लॅब आहे, एका मोठ्या प्रिंटरवर आणि दोन पोरांवर चाललेली. माझा पेनड्राइव्ह लावून त्यातल्या एकाने फाइल उघडली, सवयीने चेहरा मोठा केला. त्याचा माउस हनुवटीवर जाऊन थांबला.

"मॅडम, हे डाग काढून टाकतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत."

"नको, राहू द्या."

"मिनिटाचं काम आहे. प्रिंटमध्ये जास्त उठून दिसतील."

"गोंदण आहे ते."

त्याने आणखी मोठं केलं. तिन्ही ठिपके स्क्रीनभर झाले, कडा सुटलेले, हिरवट-करडे. "हां," तो म्हणाला, "आमच्या आजीच्या हातावर होतं." मग फोटो परत लहान केला आणि विचारलं, "मॅट की ग्लॉसी?"

मी मॅट म्हटलं. आठ बाय बारा, दोन प्रती. एक आत्यासाठी घेतली, ती अजून माझ्याकडेच आहे.